दोआई : एक फलाट उघड्यावर, एक डोंगराच्या पोटात

जपानच्या गुन्मा प्रांतात, तानिगावा-दाके या डोंगराच्या पायथ्याशी दोआई नावाचं एक छोटं रेल्वे स्थानक आहे. तिकीट द्यायला कुणी नाही, तपासायलाही कुणी नाही, आणि थांबणाऱ्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. इथून टोकियोकडे जायचं असेल तर इमारतीतून थोडं चालायचं, की उघड्यावरचा साधा फलाट येतो. समोर झाडी, वर आभाळ.

पण टोकियोच्या बाजूने येणारी गाडी तुम्हाला या फलाटावर उतरवत नाही. ती उतरवते बोगद्यात. दारं उघडतात, गार ओलसर हवा अंगावर येते, गाडी अंधारात निघून जाते आणि तुम्ही डोंगराच्या पोटात उभे असता. बाहेर पडायचा रस्ता एकच : नाकासमोर वर चढत गेलेला 462 पायऱ्यांचा जिना. खाली उभं राहून पाहिलं तर त्याचं वरचं टोक टिकलीएवढं दिसतं.

या जिन्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. बहुतेक वेळा सोबत ‘जगातलं विचित्र स्टेशन’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. दोआईची रचना अतिशय तर्कशुद्ध आहे. फक्त ती नकाशात पाहून कळत नाही. नकाशा वरून काढलेला असतो. दोआई कळायला डोंगर केकसारखा उभा कापून त्याचा छेद पाहावा लागतो. वरच्या थरात 1931 सालची रेल्वे आहे, खालच्या थरात 1967 सालची, आणि दोघींना जोडणारा तो जिना.

आधी एक छोटी गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे मुंबईच्या लोकलमध्ये सीएसएमटीकडे जाणारी गाडी अप आणि कल्याण-कर्जतकडे जाणारी डाउन. जपानमध्येही तसंच : टोकियोकडे जाणारी ‘नोबोरी’, म्हणजे चढणारी, आणि टोकियोपासून दूर जाणारी ‘कुदारी’, म्हणजे उतरणारी. या लेखात मी अप आणि डाउन हेच शब्द वापरतो. यांचा प्रत्यक्ष चढ-उताराशी संबंध नसतो. दोआईला मात्र डाउन गाडीचा फलाट खरोखरच खाली आहे आणि अप गाडीचा खरोखरच वर.

आता डोंगर. जपानच्या मुख्य बेटाच्या मधोमध डोंगरांचा कणा आहे. एका बाजूला टोकियोचं मैदान आणि प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला निइगाताचा भातशेतीचा प्रदेश आणि जपानचा समुद्र. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि या कण्याला धडकून निइगाताच्या बाजूला बर्फ ओततात. टोकियोकडे उतरेपर्यंत तेच वारे कोरडे झालेले असतात. सह्याद्रीचा घाटमाथा आणि त्यामागचा पर्जन्यछायेचा भाग ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे पाऊस, इथे बर्फ, एवढाच फरक. तानिगावा-दाके नेमका या कण्यावर उभा आहे.

साहजिकच टोकियो ते निइगाता रेल्वेने जायचं तर लांबचा वळसा पडायचा. एक रस्ता नागानोच्या बाजूने, उसुई घाटातून. या घाटात चढ इतका तीव्र की 15 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. साध्या रुळांवर चाकं घसरतील म्हणून मधोमध दातेरी पट्टी टाकलेली आणि इंजिनाला दातेरी चक्र. गाडी त्या दातांवरून रांगत चढायची. घाटात एकामागून एक 26 बोगदे आणि वाफेचं इंजिन, त्यामुळे धुराने जीव घुसमटायचा. म्हणून 1912 मध्येच तिथे विजेची इंजिनं आणावी लागली.

हा सगळा वळसा टाळायचा तर कणाच भेदायला हवा होता. शिमिझू बोगद्याचं काम 1922 मध्ये सुरू झालं आणि 1 सप्टेंबर 1931 रोजी त्यातून गाड्या धावू लागल्या. लांबी 9,702 मीटर. तेव्हा जपानमध्ये एवढा लांब बोगदा दुसरा नव्हता. या नव्या जोएत्सू मार्गामुळे टोकियोचं उएनो स्थानक ते निइगाता हे अंतर सुमारे 100 किलोमीटरने कमी झालं आणि प्रवासाचे चार तास वाचले.

इथून पुढची गोष्ट नीट समजली की दोआईचं कोडं निम्मं सुटतं.

डोंगर खाली रुंद असतो, वर निमुळता. त्याला जितकं खालून भोक पाडाल तितका बोगदा लांब; जितकं वरून पाडाल तितका आखूड. 1920च्या दशकात बोगदा खणणं फार कष्टाचं, फार खर्चाचं आणि जीवघेणं होतं. म्हणून इंजिनियरांनी बोगद्याचं तोंड शक्य तितकं वर ठेवलं. पण मग गाडी तेवढ्या उंचीवर न्यायची कशी?

रेल्वेला चढ आवडत नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, पकड जेमतेम. आपल्या भोर घाटातला चढ 37 मीटरला 1 मीटर आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा कर्जतला गाडीमागे ढकलायला जादा (बँकर) इंजिनं लावतात. जोएत्सू मार्गावर जपान्यांनी त्याहून सौम्य मर्यादा ठेवली : 50 मीटरला 1. म्हणजे 70 मीटर उंची गाठायची तर किमान साडेतीन किलोमीटर रूळ हवेत. दरीत तेवढी सरळ जागाच नव्हती.

मोटारीचा रस्ता अशा वेळी नागमोडी वळणं घेतो. रेल्वेला इतकं अरुंद वळण घेता येत नाही. भोर घाट बांधताना खंडाळ्याजवळ यावर एक युक्ती केली होती : गाडी एका टोकाला न्यायची, थांबवायची, आणि उलट दिशेने पुढच्या चढाला लावायची. 1863 पासून 1929 पर्यंत ते रिव्हर्सिंग स्टेशन चालू होतं. जोएत्सू मार्गावर दुसरी युक्ती वापरली. रूळ डोंगरात शिरून एक पूर्ण गोल फेरा मारतात आणि स्वतःच्याच डोक्यावरून पुढे जातात. वाड्यातला गोल जिना असतो ना, तसं. थोडक्या जागेत अंतर वाढतं, अंतर वाढलं की चढ सौम्य होतो. असा एक फेरा गुन्माच्या बाजूला युबिसो इथे आहे आणि दुसरा निइगाताच्या बाजूला मात्सुकावा इथे. (आपल्याकडे रेल्वेची माणसं ‘लूप’ म्हणतात ती स्टेशनातली बाजूची लाइन. तिचा या फेऱ्याशी संबंध नाही, म्हणून तो शब्द इथे टाळतो.)

इतक्या लांब बोगद्यात कोळशाचं इंजिन चालवणं म्हणजे प्रवाशांना धुरात कोंडणं. त्यामुळे मिनाकामी ते इशिउची हा बोगद्याचा टप्पा पहिल्या दिवसापासून विजेवर होता. मार्गाच्या उरलेल्या भागात वीज यायला 1947 उजाडलं. आपल्या कल्याण-पुणे मार्गावरच्या घाटांत वीज आली तीही साधारण या बोगद्याच्याच सुमारास, 1930 च्या आसपास. त्या काळी विजेची इंजिनं शहरांच्या जोडीने घाटांनाच आधी मिळायची, कारण गरज तिथे सर्वांत मोठी होती.

या सगळ्यात दोआई कुठे होतं? बोगद्याच्या गुन्माकडच्या तोंडाजवळ, आणि तेव्हा ते स्थानकही नव्हतं. मार्ग एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला ठरावीक ठिकाणी दुसरी लाइन लागते. कोकण रेल्वेने जाणाऱ्या कुणालाही ‘क्रॉसिंग आहे’ म्हणून रानात थांबलेली गाडी आठवेल. पुढे जवळपास दहा किलोमीटरचा बोगदा, आत थांबायला जागा नाही. तेव्हा तोंडाशी गाडी अडवून ठेवायची सोय हवीच. म्हणून 1931 मध्ये दोआई सुरू झालं ते सिग्नल आणि क्रॉसिंगपुरतं. प्रवासी स्थानकाचा दर्जा त्याला मिळाला 19 डिसेंबर 1936 रोजी.

दर्जा मिळायला कारण होते डोंगर चढणारे लोक.

तानिगावा-दाके उंचीने फार मोठा नाही. 1,977 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशेएक मीटर जास्त. पण पाणलोटाच्या कण्यावर असल्यामुळे हवा तासाभरात पालटते, आणि पूर्वेकडे इचिनोकुरासावा नावाचा कातळकडा आहे, ज्याच्या ओढीने पिढ्यान्‌पिढ्या गिर्यारोहक इथे येत राहिले. रेल्वेआधी या कड्यापर्यंत पोहोचणंच अवघड होतं. रेल्वे आली आणि तो टोकियोपासून एका रात्रीवर आला. शनिवारी काम संपवायचं, रात्री उएनोहून गाडी पकडायची, पहाटेच्या अंधारात दोआईला उतरायचं आणि दिवस उजाडताना कड्याखाली उभं राहायचं. रविवारी रात्री परत. पगार बेताचा आणि सुटी एकच दिवसाची असलेल्या तरुणांना हे पहिल्यांदाच शक्य झालं.

त्याची किंमतही मोठी होती. 1931 पासून आजवर या एका डोंगरावर 800 हून अधिक माणसं गेली आहेत. हिमालयातल्या कुठल्याही एका आठ हजारी शिखराचा आकडासुद्धा याच्या खाली आहे. शेवटी 1966 मध्ये गुन्मा प्रांताने खास या डोंगरासाठी कायदा केला. धोक्याच्या भागात चढायचं तर आधी लेखी कळवणं बंधनकारक झालं. दोआईबद्दल लिहिणारे बरेच जण जिन्यापाशी थांबतात. मला वाटतं की त्या पायऱ्या पाहताना पाठीवर दोराचं वेटोळं घेऊन त्या चढणारी वीस-बावीस वर्षांची मुलंही डोळ्यांपुढे यायला हवीत.

1960च्या दशकात जपानमध्ये गाड्यांची गर्दी इतकी वाढली की एकेरी जोएत्सू मार्ग पुरेना. दुहेरीकरण करायचं ठरलं. बाकी ठिकाणी दुहेरीकरण म्हणजे जुन्या रुळांशेजारी नवे रूळ. डोंगरापाशी आल्यावर मात्र प्रश्न उभा राहिला : जुन्या बोगद्याशेजारी तसाच दुसरा खणायचा, आणि त्यासाठी पुन्हा दोन गोल फेरे बांधायचे?

तसं केलं नाही. छत्तीस वर्षांत बोगदे खणण्याचं तंत्र खूप पुढे गेलं होतं. आता लांब बोगद्याची भीती उरली नव्हती. मग गाडी वर चढवण्याचा खटाटोप कशाला? दरीत खालीच, युबिसोपाशी डोंगरात शिरायचं आणि थेट पलीकडे निघायचं. हा शिन-शिमिझू, म्हणजे नवा शिमिझू बोगदा. लांबी 13,490 मीटर, सुरुवात 28 सप्टेंबर 1967. त्या दिवसापासून जुना मार्ग, त्याचे दोन फेरे आणि जुना बोगदा हे सगळं अप गाड्यांसाठी राखलं गेलं, आणि नवा बोगदा डाउन गाड्यांसाठी.

आता छेद डोळ्यांसमोर आणा. जुना मार्ग फेरा मारून वर चढलेला, दोआईला उन्हात. नवा मार्ग फेरा न मारता खालून निघालेला. दोआईच्या जागी पोहोचेपर्यंत दोघांच्या उंचीत मोठं अंतर पडलं. डाउन गाडी दोआईच्या जवळूनच जाणार, पण बरीच खालून आणि डोंगराच्या आतून. गाडी न थांबवता नेता आली असती. पण टोकियोहून येणारे गिर्यारोहक उतरणार कुठे? म्हणून बोगद्यातच फलाट बांधला आणि तिथून वरपर्यंत जिना काढला. शेजारच्या युबिसो स्थानकाचंही असंच झालं. तिथला डाउन फलाटही याच बोगद्यात आहे. पण तो बोगद्याच्या तोंडाशी असल्यामुळे तिथे चढायला फारसं काही नाही.

चला, खालून वर जाऊन पाहू. बोगद्यातला फलाट समुद्रसपाटीपासून 583 मीटरवर, वरची इमारत 653 मीटरवर. मधले 70 मीटर म्हणजे साधारण वीस-बावीस मजले. पूर्वी फलाट मुख्य रुळांपासून बाजूला घेतलेल्या लाइनवर होता. थांबणारी गाडी बाजूला उभी राहायची आणि जलद गाड्या मधून सुसाट निघून जायच्या. जलद गाड्या गेल्या तशी ती बाजूची लाइनही काढली आणि फलाट मुख्य रुळांपर्यंत पुढे आणला. फलाटावर एक बंदिस्त खोली आहे, गाडीची वाट पाहायला. तिची गरज कळते ती गाडी येण्याआधी बोगद्यातून हवेचा झोत सुटतो तेव्हा.

मग जिना. लांबी 338 मीटर, पायऱ्या 462, सगळ्या एका सरळ रेषेत. चढ मध्यम आहे, दर काही पायऱ्यांनंतर सपाट टप्पा येतो, अधूनमधून दम खायला बाकं आहेत. कडेने डोंगरातून झिरपणारं पाणी पन्हाळीतून खळखळत खाली जातं. एका बाजूला जिन्याइतकीच लांब, रिकामी मोकळी पट्टी दिसते. पुढेमागे सरकता जिना बसवता यावा म्हणून ती जागा सोडली होती. तो कधीच बसला नाही. लिफ्टही नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला किंवा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला हा फलाट आजही बंदच आहे, आणि ही उणीव ‘साहस’ म्हणून खपवू नये असं मला वाटतं.

462 पायऱ्या झाल्या की संपलं असं नाही. पुढे 143 मीटरचा बंद मार्ग आहे. तो युबिसो नदी आणि खालचा रस्ता ओलांडतो, कारण बोगदा दरीच्या एका अंगाला आणि इमारत दुसऱ्या अंगाला. त्यात आणखी 24 पायऱ्या. एकूण 486. स्थानकावरची पाटी सांगते की फलाटावरून बाहेर यायला सुमारे दहा मिनिटं लागतात. माणसं कामाला होती त्या काळात याच हिशेबाने डाउन गाडीच्या दहा मिनिटं आधी तिकीटघराजवळचं दार बंद व्हायचं. गाडी अजून आलेली नाही, पण तुमच्या पायांना आता ती मिळणार नाही.

त्याच पाटीवर स्थानकाला मोठ्या अभिमानाने ‘जपानमधलं एक नंबरचं मोगुरा स्थानक’ म्हटलंय. मोगुरा म्हणजे जमिनीत बोगदे करून राहणारा एक छोटा केसाळ प्राणी. जपानमध्ये बोगद्यात फलाट असलेली आणखी स्थानकं आहेत. निइगाता प्रांतातल्या त्सुत्सुइशीलाही शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात. पण तिथे दोन्ही फलाट खालीच आहेत. एक वर आणि एक खाली ही दोआईची ओळख.

नव्या बोगद्याचे चांगले दिवस पंधराच वर्षं टिकले. 15 नोव्हेंबर 1982 रोजी जोएत्सू शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली, आणि तिच्यासाठी याच डोंगरातून तिसरा बोगदा गेला : दाइ-शिमिझू, थोरला शिमिझू, 22,221 मीटर. तो बांधताना 1979 मध्ये आत आग लागून 16 कामगार मृत्यू पावले. शिनकानसेन आली आणि जुन्या मार्गावरच्या टोकियो-निइगाता जलद गाड्या बंद होत गेल्या. 1985 मध्ये मोटारींसाठी कान-एत्सू बोगदाही उघडला, म्हणजे एका डोंगरात चौथा. त्याच वर्षी मार्चमध्ये दोआईचे कर्मचारी हलवले गेले आणि स्थानक निर्मनुष्य झालं.

थोरल्या शिमिझूतून एक अनपेक्षित गोष्ट मिळाली. खणताना डोंगरातलं पाणी जोरात आत आलं, ते बाहेर काढणं ही डोकेदुखी झाली, आणि मग लक्षात आलं की हे पाणी अतिशय चवदार आहे. 1984 पासून रेल्वेने ते ‘ओशिमिझू’ नावाने विकायला सुरुवात केली. शिमिझू या शब्दाचा अर्थच ‘निर्मळ पाणी’. बोगद्याला नाव मिळालं ते जवळच्या शिमिझू खिंडीवरून, पण इतकं चपखल बसलेलं नाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

दोआई आज थांबणाऱ्या गाड्यांच्या मानाने फारच मोठं वाटतं. डोंगरातल्या झोपडीसारखं तिकोनी छपराचं दर्शन, आत उंच मोकळा हॉल, एकेकाळी रात्री उतरलेली माणसं जिथे उजाडायची वाट पाहत बसायची. 2020 पासून जुन्या तिकीटघराच्या जागेत छोटं कॉफीघर चालतं, आवारात तंबूत राहायची सोय आहे. येणाऱ्यांतले पुष्कळ जण केवळ जिना पाहायला येतात. मोटारीने येतात, 486 पायऱ्या उतरतात, फलाटावर उभे राहतात आणि गाडी न पकडता पुन्हा चढून जातात.

तुम्ही गेलात तर तेवढ्यावर थांबू नका. मिनाकामीहून डाउन गाडीने या, म्हणजे 1967 च्या थरात उतराल. आणि परतताना अप फलाटावरून गाडी पकडा, म्हणजे 1931 चा थर भेटेल. वेळापत्रक आधी नीट पाहून ठेवा, कारण एक गाडी चुकली तर पुढची कित्येक तासांनी असते. अप गाडी दोआई सोडते, डोंगराच्या कडेकडेने उतरू लागते, आणि काही मिनिटांत खिडकीतून खूप खाली दरीत एक छोटं स्थानक दिसतं. ते युबिसो. त्याच्याकडे पाठ करून गाडी अंधारात शिरते, डोंगराच्या आत एक पूर्ण गोल फेरा मारते, बाहेर येते, आणि त्याच स्थानकात थांबते.